'लाईन ओके है, मैम'

तुमच्या घरात नेट बंद पडलं की सगळ्यात आधी काय होतं? आमच्याकडे आई राउटरकडे बघते. नुसती बघते, जणू तो एखादा हट्टी मुलगा आहे आणि तिच्या नजरेनं सरळ होणार आहे. मग बाबा बटण बंद करतात, दहापर्यंत मोजतात आणि पुन्हा चालू करतात. तेवढ्यानं भागलं नाही की तिसरा नंबर माझा. "तू कॉम्प्युटरवर काम करतेस ना? मग बघ."

आता मी कॉम्प्युटरवर काम करते म्हणजे काय, तर लेख लिहिते. बी.ए. इंग्रजी. शेक्सपिअरच्या नाटकात कोण कुणाला विष देतं ते मी सांगू शकते, पण राउटरवरचा चौथा दिवा लाल का झाला ते नाही. पण हे घरात कुणाला पटत नाही. तुमच्याही घरी असा एक 'कॉम्प्युटरवाला' माणूस असेलच, आणि त्यालाही फारसं काही येत नसेल.

तर झालं असं. मे महिना, जयपूर, दुपारचा एक. मानसरोवरमधलं आमचं घर, बाहेर पारा ४४ च्या आसपास, आत कूलरची घरघर. आदल्याच आठवड्यात आम्ही नेटची कंपनी बदलली होती. जुनी महाग पडत होती आणि नवीनवाला दारात येऊन तीन महिन्यांची ऑफर देऊन गेला होता. सकाळी माणूस आला, भिंतीला भोक पाडलं, नवा डबा लावला, सही घेतली आणि गेला. आईच्या फोनवर भजन सुरू झालं, बाबांच्या फोनवर बातम्या. सगळं छान. फक्त माझ्या लॅपटॉपवर काही म्हणता काही उघडेना.

हा लॅपटॉप म्हणजे दादाच्या कॉलेजच्या काळातलं धूड. त्याचं वाय-फाय कधीच मेलंय, म्हणून तो राउटरला लॅनच्या वायरनं जोडलेला असतो. विंडोज त्यावर एवढं रखडायचं की चालू करून चहा टाकावा, चहा पिऊन व्हावा, तरी ते गोल गोल फिरतच असायचं. शेवटी दादानं त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं. लिनक्स म्हणजे काही फार गूढ प्रकरण नाही. विंडोज जसं कॉम्प्युटर चालवतं, तसंच हेही चालवतं. फरक इतकाच की हे फुकट मिळतं, कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही आणि म्हाताऱ्या लॅपटॉपवरही धावतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या मशीनवर चढतच नाही, त्यामुळे असे लॅपटॉप आता अनेक घरांत निघतील. तुमच्याही कपाटात एखादा असेल. म्हणूनच ही गोष्ट तुम्हाला सांगतेय.

संध्याकाळी सहापर्यंत मला तीन लेख पाठवायचे होते. त्या महिन्यात आधीच दोनदा उशीर झाला होता आणि समोरच्या बाईंनी अगदी गोड शब्दांत, 'नो वरीज' वगैरे म्हणत, तिसऱ्यांदा चालणार नाही हे कळवलं होतं. हे काम गेलं असतं तर माझे महिन्याचे निम्मे पैसे गेले असते. लेख तयार होते, पण त्या लॅपटॉपच्या पोटात. पेन ड्राइव्हवर घेऊन सायबर कॅफे शोधत फिरायचं, तेही त्या उन्हात?

कस्टमर केअरला फोन लावला. सात मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगा आला. फार सभ्य होता.

"मैम, हमारी तरफ़ से लाइन ओके है. सिस्टम कौन सा है?"

"लिनक्स."

पलीकडे शांतता. मग, "मैम, लिनक्स का सपोर्ट नहीं है. विंडोज डलवा लीजिए."

मी जरा वाद घातला तर त्यानं सकाळच्याच माणसाला परत पाठवलं. बिचारा घामानं निथळत आला. आईनं त्याला पाणी दिलं, कैरीचं पन्हंही दिलं. त्यानं खिशातून फोन काढून यूट्यूब लावून दाखवलं. "देखिए, चल रहा है." मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. त्यानं काळ्या स्क्रीनवरचं हिरवं चिन्ह पाहिलं आणि हात मागे घेतला, जणू चटकाच बसला. "ये हम नहीं देखते."

तो गेल्यावर आई म्हणाली, "टाक बाई ते विंडोज परत." त्या क्षणी मलाही तेच वाटलं, खोटं कशाला सांगू.

दादा ऑफिसात, फोन बंद. पण त्यानं कधीतरी मला फोनवर लिनक्स वापरणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये घातलं होतं. तिथं मी कधी डोकावलेही नव्हते. त्या दिवशी गेले आणि लिहिलं, 'नेट चालत नाही, प्लीज हेल्प, अर्जंट' आणि पुढे पाच उद्गारचिन्हं.

पहिलं उत्तर आलं, 'गूगल करा.' नेट नाही म्हणून विचारतेय, तर हे! दुसरा म्हणाला, मिंट काढा आणि अमुक लिनक्स टाका, तेच भारी. नळ गळतोय म्हणून प्लंबरला बोलवावं आणि त्यानं घर बदलण्याचा सल्ला द्यावा, त्यातला प्रकार. तिसरं उत्तर पुण्यातल्या एका गृहस्थांचं होतं. त्यांनी सल्ला दिलाच नाही, तीन प्रश्न विचारले. वायरनं जोडलंय की वाय-फायनं? त्याच राउटरवर फोन चालतो का? आणि टर्मिनल उघडून 'पिंग' लिहा, पुढे एक जागा सोडून चार वेळा आठ, मध्ये टिंब, म्हणजे ८.८.८.८. काय दिसतं ते जसंच्या तसं सांगा.

टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जी सिनेमात हॅकर वापरतात. मी घाबरत घाबरत लिहिलं. भराभर ओळी यायला लागल्या, प्रत्येकीच्या शेवटी मिलिसेकंद. म्हणजे पलीकडून उत्तर येत होतं! (पिंग म्हणजे नुसती हाक. '८.८.८.८' हा गूगलच्या एका सर्व्हरचा पत्ता, लक्षात ठेवायला सोपा म्हणून सगळे त्यालाच हाक मारतात. कीबोर्डवर अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि आकडे.) मग ते म्हणाले, आता आकड्यांऐवजी गूगलचं नाव लिहून पिंग करा. या वेळी एकच ओळ आली, नाव ओळखता येत नाही अशा अर्थाची.

त्यांचा मेसेज आला, 'रस्ता ठीक आहे. पत्ता सांगणारा गप्प बसलाय.'

हे वाक्य मला इतकं आवडलं की तिथंच निम्मी भीती गेली. तुम्ही जयपूरच्या परकोट्यात, म्हणजे जुन्या शहरात आला असाल तर तुम्हाला पटेल. चौडा रस्ता सरळसोट आहे, पण आतल्या गल्लीतलं दुकान हवं असेल तर कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारावंच लागतं. नेटवर असा पानवाला म्हणजे डीएनएस. आपण वेबसाईटचं नाव लिहितो, तो तिचा आकड्यांतला पत्ता सांगतो आणि मगच आपला कॉम्प्युटर निघतो. आमचा पानवाला बोलत नव्हता.

का नव्हता? सेटिंगमध्ये जाऊन बघायला त्यांनी सांगितलं, नेटवर्क, मग वायर्ड, मग आयपीव्ही४. तिथं डीएनएसच्या रकान्यात 'ऑटोमॅटिक' बंद होतं आणि हातानं लिहिलेले दोन पत्ते होते. ते कुणी लिहिले? दादानं, दोन वर्षांपूर्वी, जुन्या कंपनीच्या माणसाच्या सांगण्यावरून. ते पत्ते जुन्या कंपनीच्या सर्व्हरचे होते आणि अनेक कंपन्यांचे असे सर्व्हर फक्त आपल्याच गिऱ्हाइकांना उत्तर देतात. आम्ही आता त्यांचं गिऱ्हाईक राहिलो नव्हतो! दुकान बदललं आणि उधारीची वही मात्र जुन्याच दुकानात दाखवत होतो. 'ऑटोमॅटिक' चालू केलं, वायर काढून परत लावली आणि सगळं उघडलं. घड्याळात ३ वाजून ३५ मिनिटं झाली होती. लेख पाच पन्नासला गेले.

मी नंतर बरेच दिवस याच गोष्टीचा विचार करत होते. त्या मुलाने फोनवर खोटं सांगितलं नव्हतं. लाईन खरोखर ओके होती. चूक आमच्या घरातलीच होती. पण ती लिनक्सची नव्हती. विंडोजमध्ये हेच दोन आकडे लिहिले असते तर तिथंही हेच झालं असतं. 'लिनक्स' हा शब्द ऐकताच शोध थांबला, एवढीच माझी तक्रार आहे. बरं, ज्या फोनवर त्या माणसानं यूट्यूब लावून दाखवलं तो अँड्रॉइड, आणि अँड्रॉइडच्या गाभ्यात लिनक्सच असतं. घराघरांतल्या बहुतेक राउटरच्या पोटातही तेच. म्हणजे तो हातात एक लिनक्स धरून, दुसऱ्या लिनक्सकडे पाठ करून तिसऱ्याला सांगत होता की लिनक्स आम्ही बघत नाही.

आणि ते पुण्यातले गृहस्थ? त्यांनी पैसे घेतले नाहीत, नंबर मागितला नाही, 'थँक यू'ला फक्त अंगठा दाखवला. आजच्या जमान्यात हे कुणी का करतं? माझ्या या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी बरीच मागे गेले.

लिनक्सची सुरुवातच मुळी विचारण्यातून झाली. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या लिनस टॉर्व्हल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं नेटवरच्या एका गटात लिहिलं की मी छंद म्हणून एक सिस्टम करतोय, तुम्हाला त्यात काय असलेलं आवडेल? लोकांनी उत्तरं दिली, मग कोडही दिलं. त्या वेळी आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेटच नव्हतं. ते आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलतर्फे. टेलिफोनच्या वायरीतून, मोडेमच्या त्या किर्रर्र आवाजासकट. तुमच्यापैकी ज्यांना तो आवाज आठवतो त्यांचं वय मी विचारणार नाही. माझा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता. विद्यार्थ्यांचं जे स्वस्त खातं असायचं त्यात चित्रं दिसायचीच नाहीत, नुसती अक्षरं.

सुरुवातीचा ९.६ केबीपीएस हा वेग धरून मी एकदा गणित केलं. ६५० एमबीची एक सीडी उतरवायला सलग सव्वासहा दिवस लागले असते, तेही फोन एकदाही न तुटता आणि घरातल्या कुणीही मावशीला फोन न लावता. म्हणजे लिनक्स फुकट होतं, पण मिळणार कसं? इथं अतुल चिटणीस यांचं नाव घ्यायलाच हवं. जन्म बर्लिनचा, इंजिनिअरिंग बेळगावात, काम बंगळुरूत. 'पीसी क्वेस्ट' या मासिकासोबत १९९६ मध्ये लिनक्सची सीडी वाटली गेली त्यामागे ते होते. पुढे बंगळुरूतली मोठी लिनक्स संमेलनंही त्यांनीच उभी केली. २०१३ मध्ये ते गेले, अवघ्या ५१ व्या वर्षी. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कितीतरी इंजिनिअर मंडळींनी पहिलं लिनक्स त्या मासिकाच्या सीडीवरून टाकलंय. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर विचारून बघा, चेहरा खुलतो की नाही ते.

सीडी मिळाली, लिनक्स चढलं, तरी नेट लागेलच असं नव्हतं. त्या काळी बाजारात स्वस्त मोडेम आले होते, त्यांना 'विनमोडेम' म्हणायचे. ते स्वस्त का? कारण मोडेमनं स्वतः करायचं बरंचसं काम ते विंडोजच्या सॉफ्टवेअरवर ढकलायचे. लिनक्समध्ये घातलं की मोडेम म्हणजे नुसता पत्रा. आणि प्रश्न विचारायचा तर नेट हवं, नेट हवं तर प्रश्न सुटायला हवा! मग माणसं काय करायची, तर मित्राकडे किंवा सायबर कॅफेत जाऊन प्रश्न पाठवायची, दोन दिवसांनी परत जाऊन उत्तर कागदावर उतरवून घ्यायची, ड्रायव्हर फ्लॉपीवर आणायची, घरी करून बघायची आणि चुकलं की पुन्हा फेरी.

यातूनच गावोगावी लिनक्स वापरणाऱ्यांचे गट तयार झाले. मुंबईत आयलग-बॉम, पुण्यात प्लग, म्हणजे पुणे लिनक्स यूजर्स ग्रुप. प्लगच्या दर महिन्याच्या भेटी अनेक वर्षं मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये व्हायच्या आणि तिथंच 'ग्नूनिफाय' नावाचा लिनक्सचा मेळावाही भरायचा. अशा गटांत माणसं आपापला अख्खा कॉम्प्युटर उचलून आणायची, हो, तो डबा, आणि एकमेकांच्या मशीनवर लिनक्स चढवून द्यायची. मला हे हळदीकुंकवासारखं वाटतं. कुणी कुणाला बिल देत नाही, पण पुढच्या वेळी आपल्या घरी बोलवायचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं.

मग २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि प्रश्नांचा नवा हंगाम सुरू झाला. त्यातला एक मला फार आवडतो. नेट लागायचं, गूगल उघडायचं, पण काही ठरावीक साईट, बहुतेक वेळा नेमकी बँकेचीच, अर्ध्यावर लटकायची. माणसाला वाटणार बँकेचा सर्व्हर खराब. खरं कारण असं. नेटवर माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते आणि एका पाकिटात १५०० बाइट मावतात. या ब्रॉडबँडमध्ये युजरनेम-पासवर्ड लागायचा, त्यासाठी प्रत्येक पाकिटाला आणखी ८ बाइटचं वेष्टण बसायचं. त्यामुळे आत जागा उरली १४९२. छोटी पाकिटं आरामात जायची, काठोकाठ भरलेली मात्र दारात अडकायची, आणि अडकली हे सांगणारा निरोपही कधी कधी वाटेतच अडवला जायचा. उपाय एकच, सेटिंगमध्ये १५०० च्या जागी १४९२ लिहायचं. एवढा एक आकडा! तो ज्याला आधी कळला त्यानं दुसऱ्याला सांगितला, दुसऱ्यानं दहा जणांना.

मात्र सगळं गोडच होतं असं नाही. मला मिळालेलं 'गूगल करा' हे उत्तर फार जुनं आहे. पूर्वी त्याऐवजी चार इंग्रजी अक्षरं असायची, अर्थ 'आधी माहितीपुस्तिका वाच', आणि मध्ये एक शिवी. एरिक रेमंड यांनी २००१ मध्ये प्रश्न नीट कसा विचारावा यावर एक मोठा लेखच लिहिला आणि तो अजूनही नवख्यांच्या तोंडावर फेकला जातो. लेख कामाचा आहे, मी वाचलाय, फक्त त्याचा सूर आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांसारखा आहे. अशा वातावरणात मुली कशाला थांबतील? म्हणून १९९९ मध्ये डेब रिचर्डसन यांनी 'लिनक्सचिक्स' हा बायकांचा गट काढला. नियम दोनच, सभ्य राहा आणि मदत करा. भारतातही त्याची शाखा निघाली. मला वाटतं सासर असो, सोसायटी असो की शाळेच्या पालकांचा ग्रुप, हे दोन नियम कुठंही लागू पडावेत. असो.

पण एक कबूल करते. माझा प्रश्नही वाईटच होता. 'नेट चालत नाही' म्हणजे डॉक्टरकडे जाऊन 'बरं वाटत नाही' म्हणण्यासारखं झालं. ते पुण्याचे गृहस्थ मला तीन प्रश्न विचारण्यात जो वेळ घालवत होते तो वाचला असता, मी जर असं लिहिलं असतं: 'लिनक्स मिंट, लॅनची वायर, काल कंपनी बदलली, फोन त्याच राउटरवर चालतो, ८.८.८.८ ला पिंग जातं, नावाला जात नाही.' यातलं 'काल कंपनी बदलली' हे सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच मला सांगावंसं वाटलं नव्हतं. शेवटचं काय बदललं, हे आठवून आधी लिहा. दिसलेली ओळ जशीच्या तशी टाका, स्वतःच्या शब्दांत नको. मात्र फोटो टाकताना त्यात तुमचा पासवर्ड, ग्राहक क्रमांक किंवा राउटरखालचं स्टिकर येत नाही ना ते बघा. त्या स्टिकरवर वाय-फायची किल्ली छापलेली असते आणि लोक तेच मोठं करून टाकतात!

हे सगळं लिनक्स नसलेल्यांनाही चालतं बरं का. पिंग विंडोजमध्येही आहे. आधी राउटरला हाक मारा. त्याचा पत्ता बहुतेक वेळा त्याच स्टिकरवर असतो. तो बोलला तर ८.८.८.८ ला आणि मग नावाला. जिथं उत्तर थांबेल तिथं घोळ. राउटरच बोलत नसेल तर वायर किंवा तुमचं मशीन, राउटर बोलतो पण बाहेरून उत्तर नाही तर बहुधा कंपनी, आणि फक्त नावच ओळखत नसेल तर आमच्यासारखा पानवाला. हे करून मग कस्टमर केअरला फोन लावला की संभाषणाचा रंगच बदलतो. तक्रारीचा डॉकेट नंबर मात्र मागून घ्याच. त्यांनी ऐकलं नाही तर कंपनीच्याच अपील विभागाकडे जाता येतं आणि तिथं तो नंबर लागतो.

कधी कधी घोळ तुमच्या घरातही नसतो आणि कंपनीतही. २६ सप्टेंबर २०२१ ला राजस्थानात शिक्षक पात्रतेची 'रीट' परीक्षा होती आणि पेपर फुटू नये म्हणून जयपूरसह अनेक जिल्ह्यांत सरकारनं मोबाईल इंटरनेट बंद ठेवलं. त्या दिवशी आमच्या गल्लीत किती जणांनी फोन चालू-बंद केले असतील देव जाणे. आता मी अशा वेळी आधी शेजारच्या भाभींना विचारते. पिंगच्याही आधीची पायरी.

मागच्या वेळी तुमच्यातल्या एका ताईंनी विचारलं होतं की घरी कॅमेरे लावलेत, घरात असताना फोनवर दिसतात, पण नागपूरला माहेरी गेल्यावर दिसत नाहीत, आणि कॅमेरावाला म्हणतो नेटचा प्रॉब्लेम, नेटवाला म्हणतो कॅमेऱ्याचा. ताई, राउटरच्या पानावर जाऊन 'वॅन आयपी' बघा. तो आकडा १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानेही सुरू होत असेल तर कंपनीनं अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलाय. मोठ्या सोसायटीला एकच फाटक असावं आणि वॉचमनला तुमचा फ्लॅट नंबर माहीत नसावा, तसं. बाहेरून आलेली हाक तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही. जगात पत्ते कमी पडले म्हणून २०१२ मध्ये हे आकडे खास या कामासाठी राखून ठेवले गेले. कंपनीकडे 'पब्लिक आयपी' मागा, बहुतेक जण जादा पैसे घेतात. नाहीतर कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउड ॲप वापरा, त्याला बाहेरून हाक लागत नाही, कॅमेराच आतून जोडणी करतो. दोघांपैकी कुणाचीच चूक नाही, सांगा त्यांना.

बाकी मी त्या ग्रुपमध्ये अजून आहे. बहुतेक वेळा नुसती वाचते. दिवाळीच्या सुमारास लातूरच्या एका मुलाचा प्रश्न आला. जुन्या लॅपटॉपवर नुकतंच लिनक्स टाकलं, वाय-फाय दिसत नाही, ड्रायव्हर उतरवायचा तर नेट हवं, घरात लॅनची वायर नाही आणि दोन दिवसांत ऑनलाईन फॉर्मची मुदत. कुणीच उत्तर देत नव्हतं. मला ड्रायव्हरमधलं ओ की ठो कळत नाही. पण आमचं वाय-फाय मेलेलं असल्यामुळे एक गोष्ट मला माहीत होती. मी लिहिलं, 'चार्जिंगच्या वायरीनं अँड्रॉइड फोन लॅपटॉपला जोड आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर. वायर डेटा जाणारी हवी, काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात. लिनक्सला ते लॅनच्या वायरीसारखंच दिसतं, बहुतेक वेळा वेगळं काही टाकावं लागत नाही. आधी फॉर्म भर, ड्रायव्हर नंतर.'

पंधरा मिनिटं काहीच नाही. मी भाजी चिरत दर मिनिटाला फोन बघत होते. आई म्हणाली, "कुणाचा निरोप यायचाय एवढा?"

मग त्याचा मेसेज आला, 'लागलं ताई. पहिली वायर चार्जिंगचीच होती, शेजारून आणली.' त्याखाली त्या पुण्याच्या गृहस्थांनी अंगठा दिला आणि वाय-फायच्या चिपचं नाव काय ते विचारलं, कारण ड्रायव्हरचं काम अजून बाकी होतं.